भाऊजींची जोडगोळी

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी पाय. चौतीस वर्षं चपला-बुटांच्या एकाच दुकानात विक्रीला. गिऱ्हाईक पायपुसणं ओलांडेपर्यंत त्याचा नंबर यांच्या जिभेवर. आमची ताई एकदा तिथे सँडल घ्यायला गेली, ती सँडल आणि नवरा दोन्ही घेऊन आली. आई म्हणाली, मुलगा गरीब दिसतो, मान वर करून बघत नाही. कसला गरीब. लग्नानंतर स्वतःच कबूल केलं, "पाच नंबर, पण डावा किंचित मोठा." तेव्हापासून मी त्यांना नंबरदार म्हणते. तेही काही कमी नाहीत. मला म्हणायचे, "मेव्हणीबाई, तुमचा नंबर सहा. पायाचा सांगतोय, जिभेचा आमच्याकडे मिळत नाही."

दुकानात एक बूट बाहेर मांडायचा आणि दुसरा खोक्यात. रात्री दुकान बंद करायच्या आधी ते सगळ्या जोड्या जुळवून बघायचे. "एक हरवला की दुसरा मेला," म्हणायचे. घरीही तसंच. बाजार असो, दवाखाना असो, ही दोघं बरोबर. घरात आम्ही त्यांना जोडगोळीच म्हणायचो.

भाऊजींना बारा वर्षांपासून डायबेटिस. पण डायबेटिस त्यांना होता एवढंच, सांभाळायची ताई. सकाळी खाण्याआधी छोटी हिरवी गोळी, जेवल्यावर मोठी पांढरी. ती हातावर ठेवायची, हे गिळायचे. गोळीचं नाव विचारा, सांगता यायचं नाही. गोळ्या ठेवायला बुटांचंच एक खोकं होतं आणि झाकणावर ताईचं टपोरं अक्षर : "हिरवी सकाळी, पांढरी जेवल्यावर. विसरू नका."

मागच्या वर्षी ताई गेली. दुपारी छातीत दुखतंय म्हणाली, संध्याकाळी नव्हती.

त्यांची लेक दुसऱ्या गावी असते. ती न्यायलाच आली होती. भाऊजी म्हणाले, "माझं दुकान आहे, घर आहे. तुझ्याकडे येऊन मी कुणाचे पाय बघू?" शेवटी तोड निघाली. सहा महिने बघायचं. शुगर नीट राहिली तर इथेच, नाहीतर मुकाट्याने लेकीकडे. दोन गल्ल्या सोडून राहणारी मी ऐटीत म्हणाले, "मी आहे ना."

दोन महिन्यांनी त्यांना तपासायला नेलं. शुगर थोडी वाढलेली. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "आता नवी गोळी देतो. दोन्ही औषधं हिच्यात एकत्रच आहेत." भाऊजींचा चेहरा पडला. हिरवी-पांढरीच्या पलीकडचं जग त्यांना ठाऊक नव्हतं. "म्हणजे ही कुठली?" त्यांनी मला हळूच विचारलं.

आणि मी बोलले. "जोडगोळी हो भाऊजी. तुमची आणि ताईची होती ना, तशी."

ताई गेल्यापासून पहिल्यांदा ते हसले. मीही हसले, जरा मोठ्यानेच. डॉक्टर पुढे काहीतरी सांगत होते. ते माझ्या हसण्याखाली गेलं. जुन्या गोळ्या बंद करा, हेच असणार ते. मी विचारलं नाही, आणि औषधवाल्याकडेही विचारायचं सुचलं नाही. मी माझ्या विनोदावर खूश होते.

बूटवाल्या माणसाला जोड म्हणजे काय, तर दुसऱ्या पायाचा. एकाला सोडून दुसरा नाही. भाऊजींनी नवी गोळी खोक्यात जुन्यांच्या शेजारी ठेवली. सकाळी हिरवी आणि तिच्याबरोबर ही. जेवल्यावर पांढरी आहेच. झाकणावर लिहिलेलंच होतं, विसरू नका. ते विसरले नाहीत. उलट खाणंच विसरायचे कधीकधी, एकट्यासाठी कोण मांडून घेतो.

पुढे मला दिसत होतं की. अकराच्या सुमारास फोन केला की आवाज थरथरायचा. एकदा दुकानात गेले तर कपाळ घामाने डबडबलेलं. मी म्हटलं, "काय नंबरदार, काम करताय की काय चुकून?" ते म्हणाले, "हल्ली असंच होतं. भूक लागते आणि हात कापतात." मला वाटलं, ताईच्या आठवणीने. दुःखाला असा घाम फुटतो का, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग एका दुपारी दुकानातल्या कॅशवरच्या बाईंचा फोन आला. लवकर या, म्हणाल्या. एका शिक्षिका बाईंच्या दोन्ही पायांत भाऊजींनी डावेच बूट चढवले होते. त्या म्हणाल्या, अहो, दोन्ही डावे आहेत. हे ऐकेनात. "जोडच आहे, जोडच आहे," म्हणत राहिले, जीभ जड. मालकांना वाटलं, बायको गेल्यापासून घ्यायला लागलाय. सगळ्यांसमोर त्यांनी भाऊजींच्या तोंडाला नाक लावून वास घेतला. ज्या माणसाने आयुष्यात थेंब घेतला नाही, त्याच्या. वास आला नाही तरी बाहेर पायरीवर नेऊन बसवलं.

मी पोचले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाले, "बोला बाई, काय दाखवू?"

ओळखलं नाही मला.

ताईने एकदा शिकवून ठेवलं होतं, असं झालं तर साखर. गिळता येतंय हे बघून मी पाण्यात साखर ढवळून त्यांना पाजली आणि गाडी करून हॉस्पिटलात नेलं. त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. शुगर वर यायची की पुन्हा घसरायची. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "या औषधाचा अंमल बराच वेळ राहतो. घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या आणा." मी खोकं घेऊन गेले.

त्यांनी गोळ्यांच्या पट्ट्या उलट्या करून बारीक अक्षरं दाखवली. "हे हिरवीतलं औषध, हे पांढरीतलं. आणि ही नवी बघा, तीच दोन नावं. म्हणजे तीच औषधं दोनदा पोटात जात होती. जुन्या थांबवायच्या, असं कुणी सांगितलं नाही?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, "सांगितलं असेल. माझीच ऐकण्यात चूक झाली." माझ्याकडे बघितलंही नाही. मग झाकणाकडे बोट केलं. "आणि हे तिनं लिहिलंय ना. मी परस्पर कसं बंद करणार?"

डॉक्टरबाईंना मी जोडगोळीचं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

लेक आली. "मावशी, तू होतीस ना बरोबर?" एवढंच म्हणाली. दुकानाचे मालक येऊन हात जोडून गेले, पण जाताना म्हणाले, "आता आराम करा." सहा महिन्यांचे साडेतीनच झाले होते. भाऊजींनी वाद घातला नाही. घातला असता तर मी त्यांच्या बाजूने भांडले असते, कुठल्या तोंडाने ते मला विचारू नका.

निघायच्या दिवशी मी जुन्या पट्ट्या औषधवाल्याकडे देऊन आले. खोकंही टाकणार होते, तर ते म्हणाले, "झाकण राहू द्या." ते त्यांनी कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवलं, अक्षर वरच्या बाजूला. दारात माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "मेव्हणीबाई, टाच झिजलीय तुमची. बदलून घ्या, घसराल." मी तिथेच चप्पल उलटी करून बघितली.

लेक परवा फोनवर सांगत होती, तब्येत बरी आहे, चक्कर नाही, घाम नाही. सकाळी खायला बसले की ती गोळी हातावर ठेवते. ते हाताकडे बघतात आणि विचारतात, "आणि दुसरी?"

"ह्या एकीतच दोन्ही आहेत, बाबा," ती सांगते.

"हो का," म्हणतात, आणि घेतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.