पिवळा अर्धगोल

मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार. हजर: मी, शेजारच्या भाभी आणि त्यांचा कूलर. दुपारनंतर भाईजान, म्हणजे भाभींचे मिस्टर. काम: छाप पूर्ण करणे. मुदत: उद्या सकाळ. सकाळी त्यांचं सामान घेऊन ट्रक नागपूरला निघणार होता आणि भाभी पुन्हा इथे राहायला येणार नव्हत्या. मुलाने तिकडे गॅरेज टाकलं होतं. जवळच्या लोहारा गावातलं आपलं वर्कशॉप भाईजानांनी आवरलं होतं.

आम्ही दोघी लिनोलियमच्या तुकड्यांवर आकार कोरून कागदावर छापतो. त्रिकोण, गोल, पट्ट्या. दुसरं काही नाही. कोरते मी, कारण माझी रेघ सरळ जाते. छापतात भाभी. शाई लावलेल्या तुकड्यावर ओलसर कागद ठेवून आमटी वाढायच्या मोठ्या डावाच्या पाठीने घासायचा. त्यांच्या हाताचा दाब सगळीकडे सारखा पडतो, माझा कोपऱ्यात कमी पडतो. दोघींनी मिळून आखलेला हा पहिलाच छाप: निळा त्रिकोण, त्याला टेकलेला लाल गोल आणि पिवळा अर्धगोल. तो कुठे, हे ठरायचं होतं.

निळा सकाळीच उतरला. मेमध्ये यवतमाळला कागद ओलसर ठेवायचा तर कूलरसमोरच. खसाच्या वासाने आणि गार हवेने खोली विहिरीच्या तळासारखी झाली होती. दोरीवर निळे त्रिकोण हलत होते, त्यांच्या सावल्या भिंतीवरून सरकत होत्या, आणि भाभींचा डाव कागदावर गोल गोल फिरत होता. पुढचं काम काय, हे मी साफ विसरले. असं माझं होत नाही.

मग लाइन गेली आणि कूलर थांबला. ती आली तोवर कागद पापडासारखे वाळले होते आणि वाळताना आटलेही होते. निळा त्रिकोण आत सरकला, लाल गोल मात्र आखलेल्या जागीच पडला. दोघांच्या मधे सुताएवढी पांढरी फट राहिली.

"नवे कागद भिजवते," मी म्हटलं. "पहिल्यापासून करू."

"कायले?" भाभींनी कागद खिडकीशी धरला. "पाहा ना ताई, फटीतून उजेड येऊन राह्यला."

मी पाहिलं. खरंच, दोन रंग एकमेकांजवळ येता येता थांबल्यासारखे दिसत होते.

भाईजान कूलर बांधायला आले. कागदाकडे मान वाकडी करून म्हणाले, "हे काय हाय? पतंग?"

"तिकोन हाय," भाभी म्हणाल्या.

"कशाचा?"

"तिकोनाचाच. तुमाले कोनी इचारते का, नट कशाचा हाय?"

"नट तर कामाले येते."

"हा बी येते. मले."

भाईजान हसले आणि कूलरचं पाणी काढायला लागले. पिवळ्या कागदाचा अर्धगोल कापून भाभी तो छापावर फिरवत बसल्या. फटीवर ठेवला, वर नेला, बाजूला घेतला. मी पिवळ्या शाईचं झाकण उघडायला गेले, तर त्यांनी हात धरला. "आज नोको. लाल ओला हाय. त्यावर पिवळा टाकला का मळते."

मुदत उद्या सकाळचीच होती, तरी मी शाईची डबी परत फळीवर ठेवली. कूलर बंद झाला होता आणि खोलीत ऊन परत आलं होतं.

सकाळी ट्रकमध्ये बसताना त्यांनी डाव माझ्या हातात दिला. "तिकडं दुसरा घेईन. हा तुमच्या हातात बसू द्या."

लाल केव्हाच वाळला. सकाळची कामं आटोपली की मी कापलेला अर्धगोल छापावर ठेवते, फोटो काढून नागपूरला पाठवते. फोनवर भाभींचा आवाज येतो: "थोडा खाली घ्या. हां... नाही, थांबा ताई, घाई नका करू."

डाव खिळ्याला टांगलेला आहे. पिवळा अजून छापायचा आहे.