जंतूंसाठी मखमल

एम.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघायचे, नावं पाठ करायची, झालं. बीडच्या कॉलेजात पहिल्याच सत्रात जिवाणूंचं जनुकशास्त्र समोर आलं आणि माझं अवसान गळालं. दहावीपर्यंत सिरसाळ्याला मराठीतून शिकलेली मी, बी.एस्सी.ही वनस्पतिशास्त्रात पाठांतरावर केलेली. फळ्यावर ‘ऑक्झोट्रॉफ’ असा शब्द उमटला की पुढचं कानात शिरायचंच नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा आप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगून टाकलं, “मला नाही जमत. बी.एड. करते.”

आप्पांचं बाजारात कापडाचं दुकान. थान गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, “तुज्या मॅडमला सांगितलं का, समजंना म्हून?”

“नाही.”

“मग आदी त्यान्ला सांग. मला सांगून काय उपेग?”

सुट्टी संपल्यावर मी भीत भीत हा विषय शिकवणाऱ्या मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. सगळं कॉलेज त्यांना कडक म्हणायचं. त्यांनी विचारलं, “काय समजत नाही?”

“सगळंच, मॅडम.”

रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातले पेपर बाजूला ठेवले. “बस. समज, दोन बाया आहेत. एकीला नुसता शिधा दिला तरी ती सगळा स्वयंपाक करून जेवते. दुसरीही तशीच, पण तिला भाकरी थापता येत नाही. दोघींना तयार ताट वाढलं तर फरक कळेल?”

“नाही. दोघीही जेवतील.”

“आणि शिधाच दिला तर?”

“भाकरी न येणारी उपाशी राहील.”

“ती ऑक्झोट्रॉफ. तिच्या एका जनुकात बिघाड झालाय, म्हणून एक पदार्थ तिला स्वतःला बनवता येत नाही. आता एवढ्या गर्दीतून ती एकटी शोधायची कशी? ते प्रॅक्टिकलला बघू. इंग्रजी मागाहून येतं.”

मी बाहेर आले आणि व्हरांड्यातच थांबले. इतके दिवस ज्याला घाबरत होते ते इतकं सरळ होतं, याचं हसूही येत होतं आणि रडूही.

त्या शोधाची रीत मोठी देखणी आहे. जिवाणूंवर अतिनील प्रकाश पाडायचा. बहुतेक मरतात, वाचलेल्यांतल्या काहींची जनुकं बदललेली असतात. त्यांना काचेच्या बशीत सगळं खाणं घालून वाढवायचं. एकेका जिवाणूचा एकेक ठिपका होतो. मग ती बशी मखमलीवर हलकेच दाबायची. मखमलीच्या लवेला सगळे ठिपके जागच्या जागी चिकटतात. त्याच मखमलीवर दुसरी बशी दाबायची, जिच्यात नुसता शिधा आहे. पहिल्या बशीत आहे आणि दुसऱ्या बशीत उगवला नाही, तो ठिपका आपला.

प्रयोगशाळेत मखमल नव्हती. मी आप्पांना फोन केला.

“मखमल? कावून? लगीन हाय का कुनाचं?”

“जंतूंसाठी, आप्पा.”

पलीकडं थानं खाली काढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “रंग कोन्ता पायजे त्यान्ला?”

दुसऱ्या दिवशी बीडला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर हिरवीगार, चमकदार मखमल आली. मी तुकडे कापून निर्जंतुक करायला वाफेच्या भांड्यात ठेवले. बाहेर काढले तर हिरवं पाणी, लव चोथ्यासारखी बसलेली. तरीही हट्टानं बशी दाबली. सगळे ठिपके फरफटून एक झाले. बशा पुन्हा पहिल्यापासून करायच्या होत्या. मॅडमनी तो तुकडा उचलून बघितला. “नायलॉन दिसतंय. सुती आण. रडू नको, माझ्या पहिल्या बशांवर तर बुरशी आली होती.”

आप्पांकडं सुती मखमल नव्हती. पण त्यांच्या शेजारच्या दुकानातले चाचा दर्ग्यासाठी चादरी शिवायचे. मी शनिवारी घरी गेले तेव्हा आप्पा मला तिथं घेऊन गेले. “भाई, पोरीला मखमल पायजे, रंग न सुटनारी.”

चाचांनी फळीवरून काळ्या सुती मखमलीचा गठ्ठा काढला, कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून दाखवला. “ये ले, बेटी. पन करनार काय याचं?”

मी त्यांना दोन बाया, शिधा, भाकरी सगळं सांगितलं. मॅडमचेच शब्द, पण पहिल्यांदाच माझ्या तोंडून. चाचा कात्री तशीच धरून ऐकत होते. “मग ती उपाशी सापडली की तिला मारनार?”

“नाही चाचा. तिला काय हवंय ते एकेक घालून बघणार.”

“हां, मग नेक काम हाय,” म्हणत त्यांनी हवे त्याहून जास्तच तुकडे कापून दिले.

या खेपेला लव उभी राहिली. मॅडम शेजारी उभ्या होत्या, पण त्यांनी हात लावला नाही. “तूच दाब. अलगद.” दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बशा उजेडाला धरल्या. ठिपक्याला ठिपका जुळत गेला आणि काठाजवळ एक जागा मोकळी दिसली. मी मोठ्यानं ओरडले. पुढं एकेक पदार्थ घालून बघितला तेव्हा हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल मिळताच ती उपाशी तरारून वाढली. मॅडमनी शेजारच्या वर्गातल्या मुलांना बोलावून ती बशी दाखवली आणि मला म्हणाल्या, “आता हे सगळं तू समजावून सांग यांना.” मी सांगितलं. मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजीत, आणि कुणी हसलं नाही.

संध्याकाळी आप्पांचा फोन. मी बोलायच्या आत त्यांनी विचारलं, “सापडली का?” मागून चाचांचाही आवाज येत होता.

आज मी याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात हा विषय शिकवते. लोक विचारतात, एवढा अवघड विषय तुम्ही कसा निवडला. मी निवडला कुठं? मी तर सोडून निघाले होते. तीन माणसांनी मला तो सोडू दिला नाही. त्यातल्या दोघांना त्याचं नावही धड घेता येत नव्हतं.