लेन्स जोडलेली नाही

नमस्कार मंडळी. इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच. आमच्या घरात लिंबू फक्त तळलेल्या माशावर पिळतात, दाराला बांधत नाहीत. बाबांचा सगळा जन्म समुद्रावर गेला, पण त्यांना कधी काही दिसलं नाही. दिसला तो फक्त वाढलेला डिझेलचा भाव. त्यामुळे आपल्यावर इथे लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं... पण आली. आणि आधीच सांगते, ही घाबरवणारी गोष्ट नाही. तसलं काही हवं असेल तर दुसरा धागा उघडा.

मी भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये राहते. नवरा महेश मूळचा नांदेडकडचा, आयटीत आहे. माझं माहेर पाली, उत्तनजवळचं. आठवडाभर एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं शूट करते. चांगली करते. हे मीच सांगतेय, कारण या गोष्टीत पुढे माझं श्रेय काढून घ्यायला बरेच जण टपलेले आहेत.

माझा कॅमेरा फुल फ्रेम, मिररलेस, म्हणजे आजकालचा सगळा इलेक्ट्रॉनिक. त्याला माणसाचा डोळा स्वतः शोधणारी ऑटोफोकसची लेन्स आहे. पण माझा जीव आहे तो दुसऱ्याच एका लेन्सवर. ती माझ्या नानांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची. नाना तरुणपणी बोटीवर कामाला होते आणि कुठल्याशा बंदरातून त्यांनी एक रशियन बनावटीचा कॅमेरा आणला होता. कॅमेरा कधीच मेला, पण त्याची ५८ एमएमची लेन्स अजून टकाटक आहे. नुसता धातू आणि काच. आत ना मोटर, ना वायर, ना चिप. फोकस बोटांनी रिंग फिरवून करायचा. माझ्या कॅमेऱ्यावर ती बसवायला मध्ये एक अ‍ॅडॉप्टर लागतो, तोही म्हणजे नुसतं कडं. मागच्या वर्षी नाना गेले. जायच्या आधी लेन्स माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू घे. बाकीच्यांना बटनं लागतात."

पालीत नवी होडी पाण्यात उतरली की नाना फोटो काढणार, हे ठरलेलं असायचं. आजही आमच्या गल्लीत कुठल्याही घरात जा, भिंतीवर होडीच्या पूजेचा फोटो आहे आणि तो 'नानाचा फोटो' म्हणूनच ओळखला जातो. त्या सगळ्या फोटोंत होडीला हळदकुंकू लावतेय ती नाखव्याची, म्हणजे होडीच्या मालकाची, बायको. हिरव्या बांगड्या, भरलं कपाळ. एकाही फोटोत विधवा नाही.

आता आयचं सांगते. आय म्हणजे माझी आई. बाबा गेल्यावर जुनी होडी मोडीत निघाली. आयने मासळी विकून, बँकेकडून कर्ज काढून नवी बांधली आणि कागदावर स्वतःचं नाव घातलं. होडी तयार झाल्यावर गल्लीतली जुनी माणसं समजवायला आली. त्यांत पुढे होते हरीआजोबा. ते म्हणाले, "रीत हाय ती हाय. कुंकू धाकटीला लावू दे." धाकटी म्हणजे माझी काकू. आयने त्यांचं ऐकून घेतलं. मला मात्र फोनवर म्हणाली, "होडी माझी हाय. तिला कुंकू मी लावनार. तू फोटो काढ. उद्या हीच मानसं बोलतील का धाकटीनंच लावला. मना फोटो पायजे."

मी म्हटलं, "आये, असा काढते की सगळ्या गल्लीने बघत बसलं पाहिजे." बोलून बसले. एवढी मोठी लग्नं केलीत मी, पण त्या फोटोचं जेवढं टेन्शन आलं तेवढं कशाचंच नाही. लग्नात वरमाला दुसऱ्यांदा घालायला सांगता येते. इथे आय ते एकदाच करणार होती, आणि तेही सगळ्यांच्या नाकावर टिच्चून.

आदल्या दिवशी दुपारी मी कॅमेरा साफ केला आणि मेन्यूमध्ये फार गोंधळ झाला होता म्हणून सगळी सेटिंग्ज रिसेट केली. नव्यासारखा कॅमेरा. हे लक्षात ठेवा.

पूजा सकाळची, भरतीच्या वेळची. होडी किनाऱ्यावर उभी होती, झेंडूच्या माळा घातलेल्या, बावटे लावलेले. वारा एवढा की बावट्यांची नुसती फडफड. मी ऑटोफोकसची लेन्स लावून उभी राहिले आणि तिथेच कटकट सुरू झाली. फोकस कधी पुढच्या बावट्यावर, कधी माळेवर, तर कधी मागे उभ्या असलेल्या हरीआजोबांच्या चेहऱ्यावर. म्हटलं, आजोबांचा फोटो काढायला का आलेय मी इथे? मग वाऱ्याकडे पाठ केली, ओढणीच्या आडोशाला लेन्स बदलली, नानांची लावली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात काकू ताट घेऊन पुढे आली.

काकू होडीपाशी आली, थांबली आणि तिने ताट आयच्या पुढे धरलं. दोघींचं आधी काही ठरलं होतं का, मला माहीत नाही. "अगं बाय, हे काय..." मागून कुणीतरी म्हटलं. आयने कुंकवात बोट बुडवलं.

आता नीट वाचा. मला फोटो हवा होता हाताचा. कुंकवाचं बोट होडीला टेकतंय, बातमी तीच होती ना. नानांचं आणि माझं यावरून कायम वाजायचं. ते म्हणायचे, "हात काय करतो ते सगले बघतात. तू डोले धर." मी म्हणायचे, तुमचा जमाना गेला. तर मी फोकस बोटावर धरला. जे फोकसमध्ये असतं त्याच्या कडा कॅमेरा लाल रंगाने दाखवतो. आयच्या बोटाच्या कडा मला लाल दिसत होत्या. आता बटण दाबणार, तोच ती रिंग माझ्या बोटांखाली फिरली. मी फिरवली नाही. नानांची रिंग घट्ट आहे, आतलं ग्रीस जुनं झालंय, जरा जोर लावल्याशिवाय ती हलत नाही. त्या क्षणी ती लोण्यासारखी फिरली. लाल कडा आयच्या बोटावरून निघाल्या, मनगटावर आल्या, कोपरावर, खांद्यावर... आणि डोळ्यांवर येऊन थांबल्या. भीती नाही वाटली. वाटला तो राग. म्हटलं, अरे, माझा फोटो! आणि बटण दाबलं गेलं.

पुढे नारळ फुटला, एकवीरा आईच्या नावाचा गजर झाला आणि आख्ख्या गल्लीने होडीला खांदा लावला. हरीआजोबांनी पण. होडी पाण्यात गेली. मी शेवटपर्यंत फोटो काढत होते.

घरी येऊन लॅपटॉपवर तो फोटो उघडला. मी आणि महेश, दोघंही स्क्रीनजवळ वाकलो. बोट थोडं धूसर, कुंकू म्हणजे नुसता लाल ठिपका. आणि आयचे डोळे. काय सांगू तुम्हाला... तिने त्या क्षणी कुणाची परवानगी मागितली नव्हती आणि कुणाशी भांडण पण नव्हतं तिचं. आपल्या होडीकडे बघत होती, बस. मी रडले. माझ्या आयचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत नानांची लेन्स लावून कुंडीतल्या जास्वंदीचा फोटो काढायला गेले, तर बटण दाबलं जाईना. स्क्रीनवर मेसेज: लेन्स जोडलेली नाही.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या लेन्सला कॅमेऱ्याशी बोलायची सोयच नसते, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं की पुढे काहीच नाही, आणि तो फोटो काढत नाही. त्यासाठी मेन्यूमध्ये जाऊन 'लेन्स नसली तरी फोटो काढू दे' असं एक सेटिंग चालू करावं लागतं. रिसेट केल्यावर ते बंद झालं होतं, आणि मी ते परत चालू केलंच नव्हतं. लाल कडांचं सेटिंगसुद्धा बंद होतं. म्हणजे त्या सकाळी मला लाल कडा दिसायलाच नको होत्या. आणि एकही फोटो निघायला नको होता.

महेशचं आयटीवाल्याचं डोकं लगेच चालू झालं. "अगं, तिथे घाईत चालू केलं असशील, नंतर बंद केलं असशील."

"मी? होडीला कुंकू लागत असताना मेन्यू उघडून बसले होते?"

"माणूस विसरतो."

मग त्यानेच काढलेला व्हिडिओ आम्ही बघितला. त्याने मोबाईलवर सगळी पूजा शूट केली होती आणि मी त्यात सुरुवातीपासून आहे. लेन्स बदलते, कॅमेरा डोळ्याला लावते, बस. मेन्यूच्या बटणाकडे बोट जातच नाही. पूजा संपल्यावर कॅमेरा सरळ बॅगेत. महेशने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. मग कॅमेरा घेऊन बसला. लेन्स काढ, लाव, बॅटरी काढ, घाल, बंद कर, चालू कर. दर वेळी तोच मेसेज. शेवटी सर्व्हिस सेंटरला नेला, तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, सेटिंग ऑफ असेल तर शटर उडणारच नाही. इम्पॉसिबल." मी त्याला फोटो दाखवले. फाईलच्या माहितीत लेन्सच्या नावापुढे रिकामी जागा. तो म्हणाला, "फोटो मस्त आलेत पण."

फोनवर मी काकूला हे बोलून गेले, आणि बातमी पालीत पोचवली तिने. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. नानानं काढला. नाना आला होता. भाईंदरला फोटो बघायला आलेले लोक माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचे, जणू मी फक्त कॅमेरा धरायचा स्टँड. नाना माझेही होते हो, मला का ते नकोत? पण एवढी वर्षं घाम गाळून ही कला शिकलेय मी, आणि आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो दुसऱ्याच्या खात्यात? लाज वाटते लिहायला, पण जळत होते मी.

पुढच्या रविवारी फोटो मोठा करून, फ्रेम करून आयकडे नेला. ती पडवीत सुके बोंबील निवडत होती. तिला सगळं सांगितलं. रिंग फिरली ते, लाल कडा, सेटिंग, सगळंच. म्हटलं, "आये, मला हात काढायचा होता. डोळे मी धरलेच नाहीत. हा फोटो बहुतेक माझा नाही."

आयने हातातले बोंबील खाली ठेवले नाहीत. म्हणाली, "होडी कोनाची हाय?"

"तुझी."

"पान्यात कोनी ढकलली?"

"सगळ्यांनी."

"मग काय सगल्यांची झाली?" आणि परत निवडायला लागली. "नानानं हात लावला असंल तर लावला. घरचाच मानूस. तुझा नाव घाल खाली. मोठ्या अक्षरात."

मी घातलं.

खुलासा माझ्याकडे आजही नाही. ते सेटिंग मी आता कायम चालू ठेवते, कारण मला लग्नं शूट करायची असतात, परीक्षा नाही बघायची कुणाची. रिंग पुन्हा कधी आपोआप फिरलेली नाही. कुणाला तांत्रिक कारण माहीत असेल तर जरूर सांगा, फक्त 'चुकून चालू झालं असेल' हे सोडून. तो व्हिडिओ मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा बघितलाय.

परवा मी पालीला असताना हरीआजोबा आले होते. फोटोसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "नानाचा फोटो."

आय आतून म्हणाली, "न्हाय. माझ्या पोरीचा."

आजोबांनी खिशातून चष्मा काढून लावला, जरा वाकले आणि फोटोखालचं माझं नाव मोठ्याने, पूर्ण वाचलं. मग मागे वळून आयला म्हणाले, "नाखवीण, चाय ठेव."