टाकीतली पोरं

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीतला सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट एक ऑपरेटर सांभाळतो. टाकीत घाण खाणारे जंतू असतात, त्यांना तो ‘पोरं’ म्हणतो. पावसाचं पाणी शिरून सांडपाणी पातळ झालं की पोरं उपाशी राहतात, म्हणून बसमधून मांडीवर गुळाची ढेप घेऊन येतो.

परवाच्या पावसात टाकी काठोकाठ भरली. “व्हॉल्व्ह उघड, जाऊ दे नाल्यात,” साहेब म्हणाले. तो छत्री उघडून व्हॉल्व्हच्या चाकावरच बसला.

“पोरं वाहून जातील ओ साहेब. मी नाय उठायचा.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. शेवटी ते आणि मी फावडी घेऊन चर खणत बसलो, तेव्हा पावसाचं पाणी बाहेर वळलं.

मग तो उठला आणि टाकीवर वाकून म्हणाला, “साहेब निघाले, टाटा करा.”

साहेबांनी मुकाट्याने हात हलवला. मीही हलवला.