निळ्या चाकांचे नट

आमच्या व्हॅनची चारही चाकं निळी आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी बाबा दर वर्षी ती रंगवायचे आणि आई शेजारी बसून "इथं राह्यलं, तिथं राह्यलं" म्हणत राहायची. मग पहाटे वस्तीतली माणसं दाटीवाटीनं बसवून गाडी नागपूरला निघायची. बाबा चाकांबरोबर त्यांचे नटही रंगवत. चाक निळं आणि नट गंजलेले, हे त्यांना बरं दिसत नसे. जुन्या रंगावर नवा रंग असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात बाबा गेले. गाडी घरासमोर उभीच राहिली. पावसाळ्यात पुढच्या डाव्या चाकाची हवा गेली आणि ती त्या बाजूला कलली. मी रोज तिच्याजवळून कॉलेजला जायचो. अर्जुनीहून गोंदियाची रेल्वे धरायची असायची, त्यामुळे थांबायला वेळ नाही, असं मी स्वतःलाच सांगायचो.

लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला तेव्हा आईनं एका संध्याकाळी विचारलं, "यंदा आपली गाडी जाईन का रे?"

मी हो म्हणालो. स्टेपनी चांगली होती. चाक बदलायचं, एवढंच काम आहे, असं मला वाटलं.

रविवारी पाना लावला. नट हललाच नाही. बाबा नट कसताना पान्यावर चक्क उभे राहायचे, हे मला आठवलं. मीही उभा राहिलो. पाना सटकला, मी चिखलात बसलो आणि नटाचे कोपरे झिजले. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. नट आणि चाक यांच्यामधली फट रंगानं पार बुजली होती. कुणाला विचारावं, हे कळेना. कॉलेजचा फॉर्म भरतानाही असंच व्हायचं. घरात विचारायला कुणी नसायचं, आणि बाहेर विचारायची लाज वाटायची.

तेवढ्यात शेजारचे काका सायकलवरून आले. नागपूरला जाताना बाबांच्या बाजूची सीट दर वर्षी त्यांचीच असायची.

"काय करून राह्यला गा?"

"चाक खोलून राह्यलो, काका."

"आता कायले? आमी तं टेम्पो ठरवला." मग म्हणाले, "तुमाले सांगाचंच होतं. पण म्हटलं, पोट्ट्याचं कॉलेज आहे, त्याले काऊन त्रास द्या."

"गाडी तयार होईन, काका."

"होईन तं होईन. पण लोकं सांगून बसले आता." त्यांनी एकदा कललेल्या गाडीकडे पाहिलं आणि पायडल मारलं. ते वाईट बोलले नव्हते. तरी ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी हातातला पाना खाली ठेवला नाही. गाडी तयार दिसली तर कदाचित लोक परत येतील, असंही मनात आलं.

मग मी घाई सोडली. जुन्या ब्लेडनं प्रत्येक नटाभोवतीचा रंग खरवडला. खालून फिकट निळा निघाला, त्याखाली गडद निळा. बाबांची वर्षं निघत होती असं वाटलं, आणि हात थोडा थांबला. फटीत तेल सोडलं, हलक्या हातोडीनं ठोकलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पान्याच्या दांड्यात बोरिंगच्या पाइपचा तुकडा अडकवला. आधी नट किंचित कसला, मग उलटा फिरवला. कट्‌ असा आवाज आला. मी आनंदानं मागे वळून पाहिलं, पण आई धान कापायला गेली होती.

तीन निघाले. कोपरे झिजलेल्या चौथ्यासाठी अर्जुनीहून किंचित लहान सॉकेट आणला, ठोकून बसवला आणि तो सोडवला. गंज आणि ठोकाठोकीनं चारही नट आता कामाचे राहिले नव्हते. ते रुमालात बांधून गोंदियाला नेले.

दुकानदारानं लांब, चकचकीत टोपीचे नट काढले. "ये ले जा भैया, दूल्हे की गाडी लगेगी."

मी एक नवा आणि एक जुना उलटा करून शेजारी धरला. जुन्याचं बूड निमुळतं होतं, चाकाच्या भोकात रुतून बसणारं. नव्याचं सपाट होतं. आटे जुळले असते, पण चाक नीट बसलं नसतं. 'हे नको' म्हणायला मला बराच वेळ लागला.

"ये नहीं, अंकल. ऐसाच चाहिए."

"सादा चाहिए? तो बोल ना, शरमाता क्यों है!" त्यानं साधे, निमुळत्या बुडाचे नट काढून दिले.

घरी स्टेपनीच्या भोकांतला रंग खरवडून ती जागेवर चढवली. नट आधी बोटांनीच फिरवत शेवटपर्यंत नेले, मग समोरासमोरचे असे पाळीपाळीनं कसले. आईनं रंगाचा डबा आणला. "नटाले नको लावू," मी म्हणालो. ती बारीक ब्रशनं नटांच्या भोवतीनं रंगवत राहिली.

संध्याकाळी काकांकडे जाऊन सांगितलं, गाडी तयार आहे.

"टेम्पोत या ना दोघं. जागा करू," काका म्हणाले. त्यांच्या अंगणात सगळ्यांच्या पिशव्या मांडून झाल्या होत्या.

घरी येऊन सांगितल्यावर आई म्हणाली, "आपली गाडी आहे ना."

पहाटे आम्ही दोघंच निघालो. आई नेहमीसारखी मागे, खिडकीपाशी बसली. मागच्या आरशात तिच्या बाजूची मोकळी सीट दिसत होती. साकोलीच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली. नवे नट थोडं चालल्यावर पुन्हा तपासावे लागतात. आईही उतरून जवळ आली.

"पाय नाही ठेवत? तुझे बाबा तं उभे राह्यत."

"हातानं पुरते. नाही तं पुढच्या खेपेले खुलत नाही."

नट घट्टच होते. तेवढ्यात टेम्पो हॉर्न देत पुढे गेला. काकांनी हात केला, आम्हीही केला. आवाज विरेपर्यंत आम्ही रस्त्याकडे पाहत उभे राहिलो.

मी येऊन स्टिअरिंगवर बसलो. आई मागे न जाता पुढच्या दाराशी आली आणि हँडल ओढत राहिली. इतक्या वर्षांत ते दार तिनं कधी उघडलंच नव्हतं.

"हे कसं खुलते रे?"

मी वाकून आतून दार उघडलं.