सोजरबाईंचा पहिला चोर

आमच्या पिंपरीतल्या विहाराच्या वाचनालयात संध्याकाळी मी बसते. पुस्तकावर कुणी साधी रेघ मारली तरी माझं डोकं फिरतं, हे अख्ख्या वस्तीला माहीत आहे. आणि सोजरबाई मुदत वाढवायला आल्या, तर त्यांच्या हातातल्या कादंबरीच्या पानापानावर पिवळा ठिपका!

"मावशी, हे काय करून ठेवलंत?"

"तपासलं की ठिपका द्यायचा," त्या शांतपणे म्हणाल्या.

चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. तपासलेल्या वायरीवर पिवळ्या पेनाचा ठिपका द्यायचा, त्याशिवाय माल पुढे जात नाही. कादंबरी वाचतानाही हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला होता. काही पानं मात्र कोरी होती. ती कळली नव्हती म्हणे, परत वाचायची होती.

पण नियम तो नियम. मी पुस्तक काढून घेतलं. खूण करणाऱ्याला घरी पुस्तक नाही.

"मग हितंच वाचते," सोजरबाई म्हणाल्या आणि सतरंजीवर बसल्या. "शनिवारच्या आत संपवायचंय मला."

शनिवारचं काय ते मग कळलं. त्यांचे यजमान भीमराज म्हणजे वाचनाचा किडा. चौथी शिकलेल्या बायकोला ते रोज जेवताना गोष्टी सांगायचे, पण खुनी कोण हे भाजी वाढायच्या आत सांगून मोकळे! महिन्यापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नवा चष्मा येईपर्यंत डॉक्टरांनी वाचन बंद केलं. चष्मा शनिवारी मिळणार होता. एकदा का तो नाकावर चढला, की हे पुस्तक ते दुपारभरात संपवणार आणि चोराचं नाव सांगून टाकणार. सोजरबाईंना आयुष्यात एकदा तरी चोर स्वतः पकडायचा होता.

पुस्तक तसं पोरासोरांचं. किशोरांच्या रहस्यमालेतला पहिला भाग, संग्रहालयातून चोरीला गेलेली तलवार शोधणाऱ्या तीन शाळकरी मुलांचा. अक्षर मोठं म्हणून बाईंनी उचललेला. पण कंपनीची बस कोपऱ्यावर सोडली की बाई घरी न जाता थेट माझ्यासमोर. ओळीखाली बोट, ओठ हलतायत, मधेच "हा लबाड वाटतोय गं," असं मला बजावणं. जोडाक्षर अडलं की मी सांगायला तोंड उघडायची, तर हात वर करून गप्प करायच्या. मला राग यायचा आणि कौतुकही वाटायचं.

शनिवारी चार पानं उरली असताना भीमराज नवा चष्मा लावून दारात हजर.

"आण इकडं, बघू कोण हाय चोर," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

बाईंनी दोन्ही पंजे पानावर दाबले. "हात लावायचा न्हाई."

"अगं, नुसतं शेवटचं पान बघतो."

"म्हणून तर न्हाई द्यायचं."

भीमराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात डोकं घातलं. बाईंचं बोट पुन्हा ओळीखालून सरकू लागलं, एका ठिकाणी थांबलं, मागे गेलं, पुढे आलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या की विहारात बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या.

"सापडला?" भीमराजांना दम निघेना. "कोण गं?"

"सांगते. पण पहिल्यापासनं सांगणार."

"अगं, आता मला दिसतंय. मीच वाचतो की!"

"वाचा नंतर. चाळीस वर्सं मी ऐकलं न्हवं? आता तुमी ऐका."

भीमराज मुकाट्यानं मांडी घालून त्यांच्यासमोर बसले.