आतल्या बाजूला वळलेला तळहात

घाटकोपरला धान्याच्या दुकानावरच्या माळ्यावर एरंडीच्या वायद्याचे सौदे चालायचे. माल कोणी डोळ्यांनी बघायचा नाही. महिनाअखेरच्या भावावर नुसती बोली. गादीवर दहा-बारा जण, आणि फोन माझ्या कानाला. बाजाराचा कल मी हाताने सांगायचो. तळहात छातीकडे असला तर घ्या, बाहेर वळला तर विका. जिन्यावर ऐकणारे असायचे, म्हणून तोंड बंद. एकदा बोली दिली की ती फिरत नसे.

तिथे मला लावलं ते चाळीतल्या माझ्या जुन्या दोस्ताने. मीच मागे लागलो होतो. का, ते त्याला माहीत नव्हतं.

संपात वडिलांची गिरणी गेली, तेव्हा फंडाचे पैसे त्यानेच वायद्यात घालायला लावले. भाव पडायला लागल्यावर वडील विकायला निघाले, तर हा म्हणाला, धरून ठेवा काका, उद्या चढतो. वडिलांनी धरलं. सगळं गेलं. पुढे त्याने बोरीवलीला खोली घेतली, वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. वडील जेवले, खिडकीशी उभे राहून हवा छान येते म्हणाले. मी मोरीत हात धुत होतो. बाहेर तो कुणाला तरी हसत सांगत होता, "पलटी मारता आली पाहिजे यार. मी त्याच मिनिटाला विकत सुटलो. म्हातारा बसला धरून."

मी हात पुसले आणि पान खाल्लं.

दोन वर्षं मी त्याला तळहात खरा दाखवला. तो इतका निर्धास्त झाला की भाव विचारायचंही सोडलं. फक्त माझ्या हाताकडे बघायचा. मला घाई नव्हती.

त्या दुपारी गादीवर आम्ही दोघेच होतो, दोघेही तेजीत. त्याने तर खोली गहाण टाकून माल घेतला होता. अचानक फोनवरचा आवाज बदलला. बाजारात कोणी मोठा विकायला उतरला होता. मी रिसीव्हरमध्ये हळूच म्हटलं, "माझं सगळं वीक. वर तेवढंच आणखी वीक." घेणारा होतो, एका वाक्यात विकणारा झालो. तळहात मात्र छातीशीच ठेवला.

त्याने पाहिलं. खूश होऊन आणखी घेतलं. मी हात हलवला नाही. जिन्यावरून भाव पडल्याची ओरड आली, त्याच्या कपाळावर घाम यायला लागला, तेव्हाही नाही.

खोली गेली. आठवड्याने तो भेटला, म्हणाला, "लाइन खराब होती ना रे त्या दिवशी?"

"होती," मी म्हटलं.

तुझा काय दोष, म्हणून त्यानेच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

घरी वडिलांना मी सगळं सांगितलं, अगदी चवीने. त्यांनी घास ताटात परत ठेवला. "त्याची पोरां खंय जातली आता?" एवढंच विचारलं. त्याला दोन मुली होत्या. दोन वर्षांत त्यांचा विचार मला एकदाही शिवला नव्हता. त्यानंतर वडील माझ्याशी कामापुरतं बोलले, शेवटपर्यंत.

वडिलांसाठी केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण त्यांनी काही मागितलं नव्हतं. मलाच हवं होतं. त्या मुली आठवल्या की आजही जेवण जात नाही. आणि त्याच्या कपाळावरचा तो घाम आठवला की अजून बरं वाटतं. हे दुसरं मी कुणाला सांगितलं नव्हतं.